निनावी बटण

आवेइरू, नगरपालिका, दुसरा मजला, गुरुवार.
खिडकीखाली कालव्यात एक रिकामी होडी डुलतेय.
देओलिंदा काठीची घडी घालून मांडीवर ठेवते
आणि विचारते, "पडदा काळा करता येतो का?
माझं काही अडत नाही.
पण तुम्ही सगळे त्याच्याकडेच बघत बसता."

मी पडदा काळा केला.

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई.
निम्म्या गावाचे आवाज तिला अजून नंबरासकट पाठ.
तिचा संगणक बोलतो तो इतक्या वेगात
की मला नुसत्या लाह्या फुटल्यासारखं ऐकू येतं.
"हळू करू का? तुमच्या वयाची मुलं दमतात."
हळू केल्यावर कळलं, माझं पान काय बोलतं ते:

बटण.
बटण.
चित्र, चार चार सात एक.
बटण.

सहा महिने खपलो होतो या पानावर.
निळ्या रंगाच्या कुठल्या छटेवरून
फाउस्तूशी दोन दिवस अबोला धरला होता.
आणि इथे एका घरात तीन पोरं,
तिघांनाही हाक एकच: "ए पोरा".
यातलं एक करार वाढवतं, एक छापतं,
एक सगळं पुसून टाकतं.

काम मीच नेमून दिलं होतं, कागदावर.
(कागदावर! मग वाचूनही मलाच दाखवावं लागलं.)
'दफनभूमीतल्या जागेचा करार पाच वर्षांनी वाढवा.
माहिती काल्पनिक भरा.'

तिने भरलं: आबिलियू.
रांग चौदा. जागा दोनशे बारा.
बोटं कुठे अडली नाहीत.
काल्पनिक माहिती इतकी झरझर सुचत नाही,
हे मी वहीत लिहिलं नाही.

मग दाबलं एक बटण, अंदाजाने.
मी पडदा उजळून पाहिला तर तारखेभोवती तांबडी चौकट,
आणि तिच्या कानात काहीच नाही.
पुन्हा दाबलं. पुन्हा काहीच नाही.
"पलीकडे रिंग जातेय," ती म्हणाली,
"उचलत कोणी नाही."

दहाव्या मिनिटाला पान पहिल्यांदा स्वच्छ बोललं:
तुमची वेळ संपली आहे.

देओलिंदा इतकी हसली की काठी मांडीवरून घसरली.
"इतकं स्पष्ट तर
त्याच्या डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं."

दारातून फाउस्तू म्हणाला, अगदी सहज,
"अशा मंडळींसाठी फोन आहेच की."
"आहे ना," ती म्हणाली. "मीच बसायचे त्यावर.
चारला बंद होतो."

म्हण आहे, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.
देवाचं राहू दे.
तिने डोळा मागितलाच नव्हता कोणाकडे.
नाव मागितलं होतं, तेही बटणासाठी.

ती गेल्यावर बसलो.
करार वाढवा. छापा. काढून टाका.
चार-पाच शब्द लिहायचे, अर्धा तासही लागला नाही,
आणि हेच जास्त लागलं मनाला.
दहा मिनिटांचं घड्याळ काढून टाकलं.
चौकटीला बोलायला शिकवलं: 'तारीख राहिली आहे.'

मग चित्र चार चार सात एक.
त्यात काय आहे, ते लिहायचं म्हणून
सहा महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं.
दफनभूमीचं फाटक. निळ्या फरशांची भिंत.
खालून तिसऱ्या ओळीत एक फरशी निखळलेली,
तिथे कोणीतरी ठेवलेली काचेची बाटली, फुलाविना.
लिहिलं सगळं. बाटलीसुद्धा.
फाउस्तू म्हणेल, लांबलंय.

चाचणीच्या सर्व्हरवरची नोंद रात्री बाराला पुसली जाते.
आबिलियूही पुसला गेला असेल.
रांग चौदा, जागा दोनशे बारा.
नंबर आता मलाही पाठ.